नकाशाचा निकाल कागदावर लागावा

उत्कृष्ट छापील नकाशाला वेगळा पुरस्कार असावा का, हा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी निघून जाते. एक बाजू विचारते, हातात फोन असताना कागदाचा नकाशा कोण उलगडतं? दुसरी बाजू जुन्या नकाशांच्या आठवणी काढते, कोल्हापूरचं ‘कलापूर’ हे बिरुद पुढे करते आणि वारसा जपायचा म्हणून पुरस्कार मागते. एखादा नकाशा टेबलावर पसरून त्यात काय साधलं आहे आणि काय चुकलं आहे, हे यातली कुठलीच बाजू पाहत नाही. माझं म्हणणं असं आहे: कोल्हापुरात दरवर्षी छापील मराठी नकाशाला पुरस्कार द्यावा, तो प्रत हातात घेऊन, वापरून आणि मोजून ठरवावा, आणि का दिला ते लेखी सांगावं. कारणं न सांगता दिलेला पुरस्कार निरुपयोगी आहे, कारण आपल्याकडे उणीव कौतुकाची नाही, मापाची आहे. वाईट नकाशाला वाईट का म्हणायचं हे सांगता येत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच छापला जातो.

फोनचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यात खरंच वजन आहे. अनोळखी गावात पत्ता शोधायचा असेल तर फोनच बरा. पूल पाण्याखाली गेला, घाट बंद झाला, हे कागदाला कळत नाही. छापलेला नकाशा प्रेसमधून बाहेर पडला त्या दिवसापासून जुना व्हायला लागतो. हे सगळं मान्य. पण यातून सिद्ध काय होतं? वळणावळणाला वाट सांगण्याचं काम कागदाकडून गेलं, एवढंच. ए-२ आकाराच्या कागदावर बाराही तालुक्यांचा कोल्हापूर जिल्हा एका नजरेत दिसतो. फोनवर जिल्हा पुरा दिसेल इतका लहान केला की गावांची नावं गळतात, आणि नावं हवी असतील तर जिल्हा पडद्याबाहेर जातो. पडदा मोठा-लहान करता येत असल्यामुळे काय ठेवायचं आणि काय गाळायचं हा निर्णय तिथे पुढे ढकलता येतो. कागदावर एकच प्रमाण आणि एकच आकार असतो, त्यामुळे प्रत्येक निर्णय आधी घ्यावा लागतो आणि तो कायमचा दिसत राहतो. कसब जोखायचं तर ते जिथे लपवता येत नाही तिथेच जोखायला हवं.

पुराचंच उदाहरण घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे या शहरात शाळकरी मुलांनाही माहीत असतात. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. वीज जाते, फोन बंद पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी माणसाला एकच गोष्ट कळायला हवी असते: बंधाऱ्यावर ४७ फूट असतील तेव्हा माझ्या गल्लीत काय असेल? हे सांगणारा वॉर्डनिहाय छापील नकाशा घराघराच्या भिंतीवर हवा. तो करायला मात्र अवघड आहे. १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थलदर्शक नकाशावर, दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) साधारणपणे २० मीटर उंचीचं अंतर असतं. ३९ फूट आणि ५५ फूट यांतला फरक १६ फूट, म्हणजे जेमतेम ४.९ मीटर. सुतारवाड्यापासून प्रयाग चिखली-आंबेवाडीपर्यंतची सगळी आपत्ती त्या शीटवरच्या दोन रेषांच्या मधल्या पट्टीत मावते. तेव्हा शीट मोठी करून त्यावर निळा रंग भरण्यात अर्थ नाही. गल्लीच्या पातळीवर मोजलेल्या उंच्या लागतात. शिवाय पुराचं पाणी उताराने वाहत असतं. बंधारा शहराच्या खालच्या अंगाला, कसबा बावड्याजवळ आहे, त्यामुळे त्याच वेळी वर चिखलीकडे पाण्याची उंची जास्त असते. बंधाऱ्यावरची उंची सगळीकडे सारखी धरून खालचा भाग निळा करणारा नकाशा दिसायला नेटका असतो, पण वरच्या गावांना तो कमी धोका दाखवतो. आणि पातळी मीटरमध्ये न लिहिता बंधाऱ्याच्या फुटांतच लिहायला हवी, कारण बातम्यांत आणि बोलण्यात फूटच असतात. यातला एकही निर्णय सजावटीचा नाही आणि प्रत्येक निर्णय पारखता येतो.

पूररेषांचंही तसंच. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, असा महाराष्ट्रातला नियम आहे. मूळ नकाशावर दोन्ही रेषा ठसठशीत दिसतात. पण लोकांच्या हातात मूळ नकाशा येत नाही, येते झेरॉक्स. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये निळं आणि लाल दोन्ही करडं होतं, आणि प्लॉट कुठल्या रेषेच्या आत आहे यावर घर बांधायची परवानगी अवलंबून असलेला माणूस दोन सारख्या रेषांकडे बघत बसतो. एक रेषा अखंड आणि दुसरी तुटक-टिंब काढली असती तर झेरॉक्सच्या तिसऱ्या पिढीतही ती ओळखू आली असती. ज्यांना रंगांतला फरक नीट दिसत नाही, त्यांचीही सोय त्यातच झाली असती.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, मोजणी सर्व्हे ऑफ इंडियाची, उपग्रहाची चित्रं दुसऱ्यांची, देशाच्या सीमा ठरवून दिलेल्या. नकाशा ‘डिझाइन’ करणारा त्यावर रंग भरतो, मग बक्षीस कशाचं? अचूकतेचं श्रेय मोजणाऱ्याचं आहे, हे खरंच आहे. १७६७ पासून या देशाची मोजणी करणाऱ्या संस्थेचं ऋण प्रत्येक नकाशावर आहे. पण एकाच मोजणीतून दहा नकाशे निघतात आणि त्यांतला एखादाच कामाचा असतो, हे कसं? सात मीटर रुंदीचा रस्ता १:५०,००० वर ०.१४ मिलिमीटर भरतो. तो दिसावा म्हणून ०.८ मिलिमीटर जाड काढला की त्याने जमिनीवरची ४० मीटर जागा खाल्ली. आता त्याच्या कडेची घरं, ओढा, कालवा कुठे न्यायचे? करूळ घाटाची वळणं १:२,५०,००० वर मोजणीप्रमाणे काढली तर रेषा एकमेकींवर चढतात आणि शाईचा डाग उरतो. जाणता माणूस वळणांची संख्या कमी करतो, उरलेली थोडी फुगवतो, आणि हा अवघड घाट आहे हे वाचणाऱ्याला पाहताक्षणी कळतं. मोजणीच्या दृष्टीने ती रेषा चुकीची आहे. वाहन चालवणाऱ्याच्या दृष्टीने तीच खरी आहे.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकने केलेला नकाशा हे याचं टोकाचं उदाहरण. सिग्नल विभागात आराखडे काढणाऱ्या या माणसाने १९३१ मध्ये सगळ्या रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत बसवल्या आणि स्थानकांमधलं खरं अंतर सोडून दिलं. पहिल्यांदा तो नाकारला गेला. १९३३ मध्ये छापला, आणि लोकांनी तो उचलून धरला. त्यात नवी मोजणी एकही नव्हती. अलीकडचं उदाहरण अमेरिकेतलं: ओरेगन राज्यात एकट्याने काम करणाऱ्या डेव्हिड आयमस यांच्या अमेरिकेच्या भिंतीवरच्या नकाशाला २०१० च्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरवलं गेलं. त्यांच्याकडची माहिती इतरांनाही मिळण्यासारखीच होती. फरक पडला तो एकेका नावाची जागा, अक्षराचा आकार आणि कडेचं अंतर हाताने ठरवण्यात घातलेल्या वेळेमुळे. ब्रिटिश कार्टोग्राफिक सोसायटी छापील नकाशांना वेगळा पुरस्कार देते. इंटरनॅशनल कार्टोग्राफिक असोसिएशन १९९३ पासून मुलांनी काढलेल्या नकाशांची जागतिक स्पर्धा घेते. तिकडचे निकष उचलून इकडे लावता येतील का?

नाही, आणि इथेच मराठी नकाशाचा पुरस्कार मराठी माणसांनीच ठरवायला हवा, याचं कारण सापडतं. रोमन लिपीत नकाशा करणाऱ्याच्या हाताशी तीन हत्यारं असतात. शहराचं नाव मोठ्या लिपीत लिहून गावांपेक्षा वेगळं करता येतं. नदीचं नाव तिरप्या अक्षरात लिहायचा रिवाज आहे. डोंगररांगेचं नाव अक्षरं लांब लांब ठेवून शंभर किलोमीटरवर पसरता येतं. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. फॉन्ट यंत्राने तिरपा केला की उभे दंड कलतात, वेलांट्या विस्कटतात. आणि ‘सह्याद्री’ची अक्षरं लांब केली की शिरोरेषा तुटते आणि एका नावाचे तीन तुकडे तीन वाड्यांची नावं वाटू लागतात. नदीच्या वळणावर ‘पंचगंगा’ वळवून लिहिलं की शिरोरेषा कमानीसारखी वाकते. वळण आतल्या बाजूचं असेल तर ती अक्षरांवर दाबली जाते, बाहेरचं असेल तर अक्षरांमध्ये फटी पडतात. ‘कुंभी’, ‘तुळशी’ अशा नावांना वरही जागा लागते आणि खालीही, त्यामुळे इंग्रजी नाव सहा पॉइंटला (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) वाचता येतं तिथे मराठीला सात-आठ पॉइंट द्यावे लागतात. जागा तेवढीच, म्हणून नावं कमी बसतात. कुठली गाळायची, हा प्रश्न मराठी नकाशापुढे इंग्रजीपेक्षा कठोर होऊन येतो.

बहुतेक जण यावर उपाय शोधत नाहीत. इंग्रजी नकाशा घेतात आणि नावं बदलून देतात. राष्ट्रीय अ‍ॅटलासची पहिली आवृत्ती १९५७ मध्ये हिंदीत, म्हणजे देवनागरीतच निघाली होती. प्रश्न नवा नाही. उपाय आहेत, आणि ज्याने ते वापरले त्याची पाठ थोपटली पाहिजे. तिरप्या अक्षरांऐवजी पाण्याची नावं निळ्या शाईत, बारीक वजनाच्या अक्षरात द्यावीत. डोंगररांगेचं नाव एकसंध ठेवून फिक्या रंगात मोठं लिहावं किंवा दोन ठिकाणी पुन्हा लिहावं. नदीचं नाव तिच्या सगळ्यात सरळ पट्ट्यात बसवावं, वळणावर नव्हे. लहान आकारात उघड्या पोकळ्यांचा फॉन्ट घ्यावा, म्हणजे ‘ध’, ‘घ’, ‘भ’ शाईने भरत नाहीत. जुन्या फॉन्टमधली नावं युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, रफार सरकतो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. त्यामुळे छपाईआधी शेवटचं प्रूफ नकाशाच्या फाइलीवर न तपासता कागदावर, नावांच्या यादीशी ताडून तपासावं लागतं.

नावांचं आणखी एक अंग आहे. जोतिबाचा डोंगर ज्या गावात आहे त्याचं नाव वाडी रत्नागिरी. परगावच्या भाविकाला नकाशावर नुसतं ‘रत्नागिरी’ दिसलं तर तो काय समजेल? कसबा बावडा शहराला लागून, गगनबावडा घाटमाथ्यावर, आणि बोलण्यात दोन्ही ‘बावडा’. नरसोबाची वाडी की नृसिंहवाडी? चिखली की प्रयाग चिखली? एसटीच्या पाटीवर एक नाव, महसुली नोंदीत दुसरं, गावाच्या तोंडी तिसरं. चांगला नकाशा एक नाव मुख्य ठरवतो, दुसरं कंसात बारीक देतो आणि हा नियम सगळ्या कागदभर पाळतो. विसंगती असेल तिथे गुण कापायला परीक्षकाला काहीच अडचण नाही.

तिसरा आक्षेप: सौंदर्य ज्याच्या त्याच्या डोळ्यात, म्हणून पुरस्कार ओळखीच्यांना जाणार. आपल्याकडच्या अनेक पुरस्कारांचा अनुभव पाहता ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांना आणि मांडणीला बक्षिसं देताना आपल्याला ही अडचण आडवी आली नाही, आणि नकाशा तर त्याहून कितीतरी जास्त तपासता येतो. नकाशा कधी न पाहिलेल्या दहा जणांच्या हातात तो द्या. पन्हाळ्याहून मलकापूरचं अंतर विचारा, नदी कुठल्या दिशेला वाहते ते विचारा, पावसाळ्यात कुठली वाट बंद होईल ते विचारा, आणि घड्याळ लावा. ट्यूबलाइटखाली वाचता येतो का बघा, आणि कंदिलाच्या पिवळ्या उजेडातही बघा, कारण त्या उजेडात फिका पिवळा रंग नाहीसा होतो. झेरॉक्स काढा. वीस वेळा घडी घालून उलगडा आणि घडीवर कुठलं महत्त्वाचं नाव फाटलं ते पाहा. नुसतं ‘१:५०,०००’ लिहून प्रमाणपट्टी न देणारा नकाशा तिथेच बाद करावा: ए-४ चा ए-३ केला की प्रमाण १:३५,००० च्या आसपास जातं आणि लिहिलेला आकडा खोटा ठरतो, पट्टी मात्र नकाशाबरोबर वाढते आणि खरी राहते.

आकार आणि प्रमाण यांचा मेळ हीसुद्धा परीक्षाच आहे. पन्हाळा ते विशाळगड सरळ रेषेत ४० किलोमीटर. १:५०,००० वर ते ८० सेंटिमीटर होतात. ए-१ कागदाची लांब बाजू ८४.१ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही गड कडेला चिकटतात आणि सूचीला जागा राहत नाही. १:७५,००० घेतलं तर ५३ सेंटिमीटर, ए-२ च्या ५९.४ मध्ये बसतं, पण समोच्च रेषा दाटतात. जुलैच्या पावसात त्या वाटेवर चालणाऱ्याला कुठला कागद हवा? मला विचाराल तर अख्खी वाट एका तुकड्यात दाखवायचा हट्ट सोडून वाटेच्या दिशेने फिरवलेल्या दोन लांबट पट्ट्या, कागदाच्या दोन्ही बाजूंना एकेक. टोपोशीटच्या चौकटी माणसांच्या सोयीने आखलेल्या नसतात. ७४ अंश १५ मिनिटांची रेखावृत्ताची कड कोल्हापुरातूनच जाते: रंकाळा ४७ एल/२ क्रमांकाच्या शीटवर आणि उजळाईवाडीचं विमानतळ ४७ एल/६ वर. शहर एका कागदावर आणणं हेच डिझायनरचं पहिलं काम ठरतं.

छपाईत काय बिघडतं हे परीक्षकांना कळलं पाहिजे, नाहीतर ते पडद्यावरच्या पीडीएफला बक्षीस देतील. संगणकावरचा काळा रंग बेफिकिरीने छपाईच्या रंगांत बदलला की तो चारही शायांचा होतो. प्रत्येक शाईचा छपाईचा पत्रा, म्हणजे प्लेट, वेगळी असते; ती केसभर सरकली तरी प्रत्येक नावाला लाल-निळी सावली पडते. नावं फक्त काळ्या प्लेटवर, खालच्या रंगावर चढवून छापायची असतात. तपकिरी समोच्च रेषा तीन शायांच्या जाळीतून काढली तर ०.१ मिलिमीटरच्या रेषेचे ठिपके होतात. तिथे वेगळी तपकिरी शाई परवडत नसेल तर रेषा एका शाईत, भरीव काढावी. पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेत कागद ओल धरतो. ६० सेंटिमीटरचा कागद एक हजारांश भागाने जरी ताणला तरी तो फरक ०.६ मिलिमीटर होतो, आणि तेवढ्यात रस्त्याचा लाल रंग त्याच्या काळ्या कडांतून बाहेर येतो. म्हणून कागद आधी प्रेसच्या हवेत मुरू द्यायचा असतो. गुळगुळीत आर्ट पेपर दुकानात छान दिसतो, पण घडीवर तडकतो आणि उन्हात चमकतो. खिशातल्या नकाशाला मॅपलिथो हा बिनचमकीचा कागदच बरा. दहापट भिंगाखाली पाच मिनिटांत हे सगळं दिसतं.

उरला तो पैशाचा मुद्दा: पुरस्कारावर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा नकाशे करायला द्यावा. एका वर्षापुरतं पाहिलं तर हे बरोबर आहे. पण चांगलं काम कुणी केलं हेच माहीत नसेल तर तो पैसा जाणार कुणाकडे? नकाशाच्या कोपऱ्यात मुद्रकाचं नाव असतं, जाहिरातदारांची असतात, आणि करणाऱ्याच्या जागी फार तर ‘साभार: इंटरनेट’. नकाशा करणाऱ्याचं नाव गाळण्याची रीत जुनी आहे. १८५६ मध्ये जगातल्या सर्वोच्च शिखराची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. ती गणितं ज्यांच्या हाताखाली झाली ते राधानाथ सिकदार बाजूलाच राहिले आणि शिखराला नाव मिळालं निवृत्त सर्व्हेअर जनरलचं. नैनसिंग रावत शंभर मण्यांच्या माळेवर पावलं मोजत तिबेट मोजून आले. सरकारी कागदांत ते ‘पंडित’ या टोपणनावाने वावरत होते. १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं, तेव्हा त्या मोजणीमागचा माणूस जगापुढे आला. बेकचंही तेच झालं. १९६० मध्ये लंडनचा नकाशा दुसऱ्याच्या नावाने निघाला, आणि आज त्याच नकाशावर मूळ कल्पना बेकची असल्याचं छापलेलं असतं. नावं परत मिळवायला तिथे दशकं गेली. ते काम पुरस्काराच्या एका अटीने पहिल्याच वर्षी होतं: मोजणी कुणाची, मांडणी कुणाची, छपाई कुणाची, हे नकाशावर छापलेलं नसेल तर प्रवेशच नाही.

आणखी अटी लागतील. स्पर्धेपुरत्या पाच देखण्या प्रती काढण्याची प्रवृत्ती सगळीकडे असते, म्हणून करणाऱ्याने पाठवलेली प्रत घेऊ नये. परीक्षकांनी दुकानातून, देवस्थानाच्या काउंटरवरून किंवा पंचायतीतून कुठलीही एक प्रत उचलावी. माहिती कुठल्या वर्षाची आणि छपाई कधीची, या दोन्ही तारखा नकाशावर हव्यात. गट विषयाचे न करता खर्चाचे करावेत: एका शाईत छापलेला, दहा रुपयांचा गावनकाशा आणि चार रंगी अ‍ॅटलास यांना एकाच रांगेत उभं करणं अन्यायाचं आहे, आणि मराठी नकाशांचं भविष्य मला पहिल्या गटात जास्त दिसतं. २०२१ पासून नकाशे करण्यावरची सरकारी बंधनं बरीच सैल झाली आहेत. ग्रामपंचायत, शाळा, ट्रेकिंगचे गट, सगळ्यांना आता नकाशे काढता येतात. परीक्षक मंडळात एक छपाईतला जाणकार, एक भूगोलाचा, एक अक्षरांचा आणि एक असा माणूस असावा, ज्याला रोज नकाशा लागतो: एसटीचा चालक, तलाठी किंवा पूर-बचाव पथकातला स्वयंसेवक. आलेले सगळे नकाशे, हरलेलेही, परीक्षकांच्या लेखी शेऱ्यांसह करवीर नगर वाचन मंदिरासारख्या सार्वजनिक ग्रंथालयात महिनाभर टेबलावर पसरून ठेवावेत, भिंतीवर काचेमागे नकोत.

पहिल्या वर्षाचा विषय वॉर्डनिहाय पूरनकाशा ठेवावा आणि निकाल मे महिन्यात लावावा, म्हणजे जूनच्या आत जिंकलेला नकाशा पुन्हा छापून वाटता येईल. एकही नकाशा परीक्षेला उतरला नाही तर परीक्षकांनी कुणालाही पुरस्कार देऊ नये आणि प्रत्येक नकाशा कुठे कमी पडला ते गल्लीच्या, रेषेच्या आणि शाईच्या नावानिशी छापावं. पुढच्या वर्षी काम करणाऱ्याच्या हातात तेवढं टिपण तरी असेल.